चूक आमची, खाडा मावशींचा



आम्ही तिघी पुंडलिकनगरच्या. एकाच गल्लीत वाढलो, एकाच शाळेत गेलो आणि आता एकाच महाविद्यालयात पत्रकारिता आणि जनसंपर्क शिकत आहोत. एकीचे वडील चिकलठाण्याच्या कंपनीत, एकीचे रिक्षा चालवतात, तर एकीची आई सिडकोत चार घरी स्वयंपाक करते. कोर्सचे नाव ऐकून रिक्षावाले बाबा म्हणाले, "जनसंपर्क तर मी रोजच करतो. त्याला कॉलेज कशाला?" दुसऱ्या घरी विचारणा झाली, "म्हणजे पुढाऱ्याच्या मागं फाईल घेऊन हिंडायचं काय?" आम्ही समजावून सांगितले की संस्था असो, कंपनी असो वा सरकारी खाते, ते काय करते हे लोकांपर्यंत खरेपणाने पोचवायचे आणि लोकांचे म्हणणे परत त्यांच्यापर्यंत न्यायचे, त्याला जनसंपर्क म्हणतात. घरच्यांनी मान हलवली. पटले की नाही ते कळले नाही.

आमच्या पुस्तकात आयव्ही ली नावाच्या अमेरिकन माणसाची गोष्ट आहे. 1906 साली अटलांटिक सिटीजवळ रेल्वेचा मोठा अपघात झाला. त्या काळी कंपन्या अशा बातम्या दाबून टाकत. लीने उलटे केले. पत्रकारांना अपघाताच्या जागी नेले आणि कंपनीचे निवेदन सगळ्यांच्या हाती दिले. त्याच वर्षी त्याने आपली तत्त्वे जाहीर केली आणि माहिती अचूक असावी यावर त्यात भर दिला. आपल्याकडे 21 एप्रिलला जनसंपर्क दिन पाळतात, कारण 1968 साली त्या तारखेला दिल्लीत अखिल भारतीय जनसंपर्क परिषद भरली होती. हे सारे आम्ही पाठ केले होते. परीक्षेला हमखास येते.

2024 च्या ऑगस्टमध्ये आम्हाला पन्नास गुणांचे एक काम मिळाले. आपल्या वस्तीत एक कार्यक्रम घ्यायचा, त्याचे नियोजन करायचे, समाजमाध्यमांवर प्रचार करायचा आणि फोटोंसह अहवाल द्यायचा. वर्गातल्या काहींनी वृक्षारोपण ठरवले, काहींनी रांगोळी स्पर्धा. आम्ही शिष्यवृत्तीचे फॉर्म भरण्याचे मार्गदर्शन शिबिर ठरवले. त्याला घरचेच कारण होते. आमच्यापैकी एकीची आदल्या वर्षीची शिष्यवृत्ती आलीच नव्हती. फॉर्म बरोबर, कागद बरोबर, पण बँकेचे खाते आधारशी जोडलेले नव्हते आणि ते कुणी वेळेवर सांगितले नव्हते. फीचे पैसे मग आईने भिशीतून उचलले. असे दुसऱ्या घरात होऊ नये एवढाच विचार होता. गुण मिळणार होते, तेही खरेच.

नियोजन मात्र आम्ही पुस्तकाप्रमाणे चोख केले. वहीत रकाने पाडले. जागा विहाराच्या सभागृहाची, माईक विहाराचा, खुर्च्या भाड्याच्या, चहा घरचा, झेरॉक्स पाचशे रुपयांपर्यंत. एकूण अंदाज 1,850 रुपये. समाजकल्याण खात्यातून निवृत्त झालेले एक काका मार्गदर्शनाला यायला तयार झाले. त्यांना शनिवारी सकाळी अकरा वाजता सवड होती, म्हणून शनिवार 24 ऑगस्ट, सकाळी 11 असे ठरले. त्या वेळी कंपनीची शिफ्ट चालू असते, घरकामाला गेलेल्या बायका परतलेल्या नसतात आणि मुले कॉलेजात असतात, हे आम्हा तिघींच्या डोक्यात आले नाही. वर्षावास चालू होता. दर रविवारी संध्याकाळी त्याच सभागृहात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होई आणि वस्तीतल्या पाऊणशे बायका आपणहून येऊन बसत. आम्ही श्रोते मोबाइलवर शोधत होतो.

पोस्टर मोबाइलवरच बनवले. कुठल्यातरी दुसऱ्या शिबिराचे एक जुने पोस्टर मिळाले, त्याची रचना छान होती. वरचे नाव बदलले, तारीख बदलली, निळा रंग दिला, खाली आमच्यातल्या एकीचा मोबाइल नंबर टाकला. मध्ये 'आवश्यक कागदपत्रे' अशी यादी होती. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, गुणपत्रक, बोनाफाईड, आधारशी जोडलेले बँक खाते आणि सातव्या ओळीत नॉन क्रिमीलेयर प्रमाणपत्र. ती यादी तशीच राहिली. अक्षराचा आकार आम्ही चार वेळा बदलला. यादी एकदाही वाचली नाही.

शुक्रवारी, 16 तारखेला रात्री ते इन्स्टाग्रामवर आणि व्हॉट्सॲपच्या सगळ्या ग्रुपवर टाकले. शाळेचा ग्रुप, विहाराचा ग्रुप, भिशीचा ग्रुप, मामाच्या गावचा ग्रुप. दोन दिवसांत चौदाशे लोकांनी पाहिले. दर तासाला आकडा बघायचा आणि एकमेकींना कळवायचे, असा आमचा रविवार गेला. गजानन महाराज मंदिराच्या रस्त्याने जाताना एका मुलीने "तुमचं पोस्टर भारी झालंय" म्हटले, तर आम्हाला आकाश ठेंगणे झाले.

मंगळवारी संध्याकाळी शेजारच्या मावशी दारात आल्या. त्या कंपनीत पॅकिंगला जातात, ठेकेदाराकडे. एक दिवस गेले नाही की त्या दिवसाची हजेरी गेली. त्यांचा मुलगा बारावी होऊन नुकताच कॉलेजात गेला होता. मोबाइल पुढे धरून त्या म्हणाल्या, "काय गं पोरींनो, हे तुम्हीच टाकलं ना?"

आम्ही हो म्हटले. आवडले म्हणून आल्या असतील असे वाटले.

"मग हे नॉन क्रिमीलेयर कुठं मिळतं तेवढं सांगा. मी आज खाडा करून दाखल्याच्या केंद्रावर गेले. बाहेर एकानं दोनशे रुपये घेऊन फॉर्म भरून दिला. तीन तास रांगेत थांबले. खिडकीवरचा माणूस म्हणला, बाई, तुमच्या जातीला हे लागतच नाही, वाचता येत नाही का. मी म्हणलं, वाचूनच आले."

मावशी सातवी शिकलेल्या आहेत. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना वाटत होते की चूक त्यांचीच झाली असेल, आपल्याला नीट कळले नसेल. आम्ही पोस्टर उघडून पहिल्यांदाच ती यादी वाचली. तिघींच्याही तोंडून शब्द फुटेना. त्यांनीच पुढे विचारले, "मग ते कोर्टाचं खरं हाय का? आपल्याला पण क्रिमीलेयर लागलं का?"

हा प्रश्न त्यांच्या मनात का आला ते सांगितले पाहिजे. 1 ऑगस्ट 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करण्याची राज्यांना मुभा दिली. त्या निकालात चार न्यायमूर्तींनी अनुसूचित जाती-जमातींनाही क्रिमीलेयर लावावे असे मत मांडले होते. तो नियम झाला नव्हता. 9 ऑगस्टला केंद्र सरकारनेही सांगितले की संविधानात अनुसूचित जाती-जमातींसाठी क्रिमीलेयरची तरतूद नाही. पण वस्तीत महिनाभर तीच चर्चा होती. 21 तारखेला भारत बंदची हाक होती. अशा दिवसांत आम्ही निळ्या रंगात, विहाराच्या नावाखाली, शिष्यवृत्तीसाठी नॉन क्रिमीलेयर आणा असे छापून मोकळ्या झालो होतो.

वाचकांसाठी सांगतो. नॉन क्रिमीलेयर ओबीसी, विमुक्त-भटके अशा प्रवर्गांसाठी असते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीसाठी ते लागत नाही. त्या शिष्यवृत्तीसाठी आम्ही फॉर्म भरले तेव्हा कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये होती, आणि त्यासाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागत होता. लोक या दोन्हींची गल्लत करतात. आम्हीही ती केली असती तर एक वेळ समजले असते. आम्ही तर विचारच केला नव्हता.

मावशी गेल्यावर पहिले काम केले ते पोस्टर काढून टाकण्याचे. सगळ्या ग्रुपमधून काढले, इन्स्टाग्रामवरून काढले आणि मिटले असे समजून सुस्कारा सोडला. रात्री साडेनऊला एकीच्या आईच्या मोबाइलवर तेच पोस्टर मुकुंदवाडीच्या आत्याकडून आले. त्याच्याबरोबर कुणा अनोळखी माणसाच्या आवाजात निरोप होता, "बघा, शिष्यवृत्तीला क्रिमीलेयर सुरू झालं. पुरावा सोबत जोडला आहे." तो पुरावा म्हणजे आमचे पोस्टर. आम्ही आमच्या हातातले पुसले, पण लोकांनी पुढे धाडलेले पुसणे आमच्या हातात नव्हते. दुसऱ्या दिवशी दुरुस्त पोस्टर टाकले. ते दोन दिवसांत एकशे चाळीस जणांनी पाहिले.

वर्गात आम्हाला राईनपाड्याची घटना शिकवली होती. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात 1 जुलै 2018 रोजी, मुले पळवणारी टोळी आली आहे अशा मोबाइलवर फिरलेल्या अफवेवरून, मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. भिक्षा मागून पोट भरणारी माणसे होती ती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घालण्याचे जाहीर केले. आमच्या चुकीची त्या प्रकाराशी तुलना होऊ शकत नाही. पण तो धडा शिकताना आम्हाला वाटले होते की अफवा पसरवणारी माणसे कोणी वेगळीच असतात, अडाणी किंवा दुष्ट. त्या रात्री आत्याचा निरोप ऐकताना तसे वाटले नाही.

आजोबा खाटेवर बसून सगळे ऐकत होते. ते नामांतराच्या लढ्यातले. 27 जुलै 1978 ला विधिमंडळात ठराव झाला तिथपासून 14 जानेवारी 1994 च्या नामविस्तारापर्यंत त्यांनी गावोगावी भिंती रंगवल्या आहेत. ते म्हणाले, "आम्ही गेरूनं लिहायचो. अक्षर चुकलं तर चुना मारायचो, की संपलं. तुमची भिंत लोकांच्या खिशात गेली." मग थोड्या वेळाने म्हणाले, "बाबासाहेबांच्या 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनसुद्धा 'केसरी'नं छापली नव्हती, 1920 साली. तुम्हाला फुकट मिळतंय, तर वाचून तरी टाकावं."

त्यावर काय बोलणार?

पुढे काय करायचे यावर आमच्यात वाद झाला. एकीचे म्हणणे, शिबिराच्या दिवशी सांगू, आत्ता गाजावाजा केला तर अहवालात चूक दिसेल आणि गुण जातील. दुसरीचे म्हणणे, ज्यांनी जुने पोस्टर पाहून रांग धरली ते शिबिरापर्यंत थांबणार आहेत का? तिसरी नुसती रडत होती, कारण यादी तिच्या मोबाइलवर राहिली होती. शेवटी आयव्ही ली आठवला. परीक्षेबाहेर तो पहिल्यांदाच आठवला असावा.

बंदच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी आम्ही तिघी त्या दाखल्याच्या केंद्राबाहेर जाऊन उभ्या राहिलो. पुठ्ठ्यावर मार्करने लिहिले होते, 'अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तीसाठी नॉन क्रिमीलेयर लागत नाही. आमच्या पोस्टरमध्ये चूक झाली. पुंडलिकनगरचे शिबिर.' फार लाज वाटली. ओळखीचे कुणी दिसले की पुठ्ठा खाली जाई. फॉर्म भरून देणारा एकजण चिडला, त्याच्या धंद्यावर आम्ही पाणी टाकत होतो. रांगेतल्या एका बाबांना वाटले आम्ही मोर्चाला आलो आहोत, त्यांनी पाठिंबा दिला. गुरुवारी आणि शुक्रवारी मिळून चार घरची माणसे आमचे पोस्टर घेऊन आलेली भेटली. एक बाई तर हर्सूलहून दोन रिक्षा बदलून आल्या होत्या. त्यांना आम्ही हात जोडून खरे काय ते सांगितले. त्या म्हणाल्या, "चला, बरं झालं भेटल्या," आणि परत गेल्या. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

शनिवारचे शिबिर रद्द केले. काकांना विनंती केली, त्यांनी रविवार 1 सप्टेंबर दिला. या वेळी आम्ही वही बाजूला ठेवून आधी गल्लीत फिरलो. कुणाची शिफ्ट कधी सुटते, कुणाचा मुलगा कधी घरी असतो हे विचारले. त्या वेळी आमच्याकडे जायकवाडीचे पाणी काही दिवसांआड येई, आणि ज्या दिवशी पाणी त्या दिवशी बायकांना दुसरे काही सुचत नसे. टाकीवरच्या माणसाकडून कळले की रविवारी दुपारी खालच्या गल्ल्यांना पाणी आहे. म्हणून वेळ संध्याकाळी सहाची धरली, ग्रंथवाचन संपल्याबरोबर. आईने वाचनाच्या आधी माईकवरून सांगितले. विहाराच्या फळ्यावर लिहिले, पिठाच्या गिरणीवर आणि रेशन दुकानात चिठ्ठी लावली. चिठ्ठी लावण्यापूर्वी काकांना दोनदा वाचून दाखवली, आणि मग मावशींना. मावशींनी 'बोनाफाईड म्हणजे काय' असे विचारले, म्हणून त्यापुढे 'कॉलेजात शिकत असल्याचा दाखला' असे लिहिले.

रविवारी वाचन संपले तसे कुणी उठलेच नाही. वरून मुले आली, दोन वडील कंपनीच्या डब्यासह आले. माईक लावायच्या आधी वीज गेली. काकांनी मोबाइलच्या उजेडात बोलायला सुरुवात केली. सगळ्यांत आधी आम्ही तिघींनी उभे राहून त्या सातव्या ओळीबद्दल माफी मागितली. त्यावर मागून एका आजीने मोठ्याने विचारले, "पण चहा हाय ना?" सगळे हसले आणि आमचा जीव भांड्यात पडला. वह्यांत नोंद झाली ती सेहेचाळीस जणांची. सत्तावीस जणांचे कागद तपासले. त्यातल्या अकरा जणांचे खाते आधारशी जोडलेले नव्हते. हा आकडा आम्ही पुन्हा मोजला. ज्या कारणाने आमच्या घरची शिष्यवृत्ती बुडाली, तेच कारण वस्तीत अकरा घरांत बसले होते, आणि आमच्या सुंदर पोस्टरमध्ये ती ओळ सहावी होती, बारीक अक्षरात.

फोटोंचे काय झाले ते सांगायचे राहिले. अहवालाला निदान वीस फोटो हवे होते. उजेड नव्हता, आणि जिथे होता तिथे बायकांनी पदर पुढे घेतला. मावशींनी स्पष्ट सांगितले, "कागद तपासा, फोटो नको. उद्या कंपनीत दिसला तर म्हणतील, हिला मदत लागते." आम्ही सहा फोटो जोडले, त्यातले चार रिकाम्या खुर्च्यांचे. अहवालात आमच्या चुकीची पूर्ण हकीकत लिहिली, जुने पोस्टरही जोडले. पन्नासपैकी एकतीस मिळाले. 'छायाचित्रे अपुरी' असा शेरा होता. चुकीच्या पानावर काहीच शेरा नव्हता.

खाड्याचे पैसे आणि ते दोनशे रुपये आम्ही तिघींनी मिळून मावशींकडे नेले. त्यांनी पाकीट परत आमच्या हातात कोंबले. "पैशाचं राहू द्या. पोराचं खातं जोडून द्या, मला बँकेत बोलता येत नाही." त्या मुलाला घेऊन आम्ही बँकेत तीनदा गेलो. पहिल्यांदा सुट्टी निघाली, दुसऱ्यांदा आधारवरच्या नावात आणि पासबुकातल्या नावात एका अक्षराचा फरक निघाला. तिसऱ्या खेपेला जोडणी झाली. फॉर्म गेला. पहिला हप्ता आला त्या दिवशी मावशींनी पुरणपोळी पाठवली, आणि मोबाइलवर हिरवी खूण आलेला बँकेचा निरोपही पाठवला, वाचून खरा आहे ना सांगा म्हणून.

पोस्टर अजून फिरते आहे. कुणीतरी त्यावरचे आमचे नाव कापले, दुसरे गाव टाकले, तारीख काढली. यादी तशीच आहे, आणि खालचा नंबरही तसाच आहे, आमच्यातल्या एकीचा. घरच्यांनी तिला नंबर बदलायला सांगितले. तिने बदललेला नाही. यंदाच्या पावसाळ्यात जालन्याकडून एका बाबांचा फोन आला, पाणी भरायच्या वेळी. तिने नळ आईकडे दिला आणि ओले हात पुसत फोन घेतला.

"ताई, पोरीचा फॉर्म भरायचाय. ते नॉन क्रिमीलेयर कुठं काढायचं?"

"कुठंच नाही काका. ते लागत नाही. खातं आधारला जोडलंय का, तेवढं आधी बघा."